चौथ्या मजल्यावरचं लिंबू

एप्रिल २०२२ मध्ये बडोद्यात एक लिंबू दहा रुपयांना मिळत होतं. सेव-उसळीच्या गाड्यांवर कांदा मागाल तेवढा, पण लिंबाची फोड मागितली की हात आखडायचा. एका संध्याकाळी मी खंडेराव मार्केटमधून चार लिंबं घेऊन आले आणि किंमत सांगितली, तेव्हा सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपण कधी लिंबू विकत आणलं होतं का गं?" दांडिया बाजारातल्या त्यांच्या वाड्याच्या परसात लिंबाचं झाड होतं. वाडा गेला, झाडही गेलं. त्यांना फ्लॅटमध्ये येऊन वीस वर्षं झाली, पण त्या झाडाची जागा त्या अजूनही हाताने दाखवतात: विहिरीच्या डावीकडे, धुण्याच्या दगडामागे.

त्या दिवशी मी ठरवलं की बाल्कनीत लिंबू लावायचं. पहिलं फळ हातात यायला तीन वर्षं आणि वर दोन महिने लागले. त्यातला मोठा काळ माझ्या चुकांमुळे गेला, आणि मला तेव्हा कोणी हे सगळं ओळीने सांगितलं असतं तर निदान एक वर्ष तरी वाचलं असतं. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

आमचा फ्लॅट कारेलीबागेत चौथ्या मजल्यावर आहे. बाल्कनी चार फूट बाय दहा फूट, तोंड आग्नेयेला. सकाळी सातपासून साधारण एकपर्यंत ऊन येतं. लिंबाला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. तुमच्या बाल्कनीत त्याहून कमी येत असेल तर झाड हिरवं राहील, पण फळाची फार आशा ठेवू नका. झाड आणण्याआधी एक रविवार घरी बसून दर तासाला ऊन कुठे आहे ते खडूने फरशीवर आखून घ्या. मी हे केलं होतं. सुरुवातीला बरोबर केलेली तेवढीच एक गोष्ट.

३ जुलै २०२२ ला रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून ४५० रुपयांना रोप आणलं. अडीच फुटांचं होतं आणि त्याला सात लिंबं लगडलेली. "वर्षभर लागत राहतील," असं विकणारा म्हणाला. फळं लगडलेलं रोप बघून मन मोहरतं, मीही मोहरले. बारा इंची कुंडीत लावलं, आणि पंधरा दिवसांत सातही लिंबं गळली. मुळांचा गोळा लहान, त्यावर फळांचा भार, शिवाय जागा बदललेली. ते रोप फळं पोसूच शकत नव्हतं. आता कोणी विचारलं तर मी सांगते की फळं बघून रोप घेऊ नका, आणि घेतलंच तर घरी आल्यावर फळं स्वतःच्या हाताने तोडा.

पुढे पावसाळ्यात बुंध्यापासून एक जोमदार फांदी निघाली. पानं मोठी, काटे लांब. मला वाटलं झाड सावरलं, म्हणून मी त्या फांदीला काठीचा आधार बांधून दिला. दिवाळीपर्यंत ती तीन फूट झाली आणि वरचं मूळ झाड मात्र वाळत गेलं. जानेवारी २०२३ मध्ये सासूबाईंच्या ओळखीचे एक माळीकाका घरी आले. कमाटीबागेत, बडोद्याच्या मोठ्या सार्वजनिक बागेत, त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्यांनी खाली वाकून डोळा भरलेली जागा, म्हणजे खालच्या दुसऱ्या जातीच्या रोपावर (खुंटावर) लिंबाचं कलम जोडलं तो सांधा, दाखवला. फांदी त्या सांध्याच्या खालून आली होती. "बेन, ही जंभेरी आहे. खुंट. लिंबू वर होतं, ते गेलं." सहा महिने मी खुंटालाच पाणी घालत होते. कलम केलेल्या कुठल्याही झाडाच्या सांध्याखालून फूट आली की ती लगेच चिमटून काढायची असते, हे मला माहीतच नव्हतं. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. झाड गेलं त्याहूनही, मी इतक्या प्रेमाने चुकीची गोष्ट वाढवली याचं.

काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कागदी लिंबाचं गुटी कलम आण. त्याच्या फांदीलाच मुळं फुटलेली असतात, त्यामुळे खुंटाचा प्रश्न येत नाही, आणि बियांच्या झाडासारखी पाच-सहा वर्षं थांबावं लागत नाही. दुसरी, कुंडी नको, अर्धं पिंप घे.

पिंप घेताना सावध राहा. बडोद्याच्या आसपास केमिकलचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे भंगारवाल्यांकडे निळी पिंपं ढिगाने मिळतात, पण आधी त्यात काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी तीन दुकानं फिरले आणि खाद्य पदार्थाचं लेबल शाबूत असलेलं दोनशे लिटरचं पिंप शोधलं. अर्धं कापून, कडा घासून, ६०० रुपये. तळाला आठ भोकं पाडून घेतली, आणि तळापासून एक इंच वर बाजूला चार.

आणि तेच पिंप २५ फेब्रुवारीला वॉचमनने लिफ्टजवळ अडवलं.

आमच्या सोसायटीत, गुजरातेत सगळीकडे असतात तसे, प्रमुख (अध्यक्ष) आणि मंत्री (सचिव) आहेत. मंत्रीसाहेबांचं म्हणणं असं की लहान कुंड्यांना कोणाची हरकत नाही, पण एवढ्या मोठ्या भांड्यासाठी अर्ज करा. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं की त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं, फक्त उत्तर द्यायला तीन महिने लावायला नको होते. मी २७ फेब्रुवारीला अर्ज दिला. मार्चच्या बैठकीला गणपूर्ती झाली नाही. एप्रिलच्या बैठकीत तीन कागद मागितले: इंजिनिअरचं पत्र, माझं हमीपत्र, आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांचा ना-वांधा, म्हणजे हरकत नसल्याची सही.

इंजिनिअरच्या भेटीचे १,५०० रुपये गेले, आणि या सगळ्या प्रकरणात सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे तेच. त्यांनी आधी मला वजन विचारलं. मी अंदाजाने पन्नास किलो म्हणाले. "अंदाज नको," म्हणाले, "बादली मोजा." मी लावायचं मिश्रण पूर्ण भिजवून दहा लिटरच्या बादलीत भरलं आणि वजनकाट्यावर ठेवलं. साडेबारा किलो! पिंपात असं ऐंशी लिटर बसणार होतं. म्हणजे शंभर किलो माती, वर पिंप आणि झाड. घराच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो भार धरतात, आमची बाल्कनी पावणेचार चौरस मीटरची, तेव्हा एकूण हिशेबात हे बसत होतं. पण त्यांनी एक गोष्ट बजावली. बाल्कनी भिंतीतून पुढे आलेली असते, कठड्याजवळ ठेवलेलं वजन तिच्या मुळाशी कितीतरी जास्त ताण देतं, म्हणून पिंप भिंतीला चिकटूनच राहील आणि दुसरं असं पिंप येणार नाही. शिवाय खालच्या मजल्यावरून आमच्या बाल्कनीची खालची बाजू बघून आले. भेगा, गंजलेल्या सळईचे डाग, पोपडे काही आहेत का ते. सुदैवाने नव्हते. तुमची इमारत जुनी असेल तर ही पाहणी टाळू नका, सोसायटीने मागितली नाही तरी.

हमीपत्राला ई-स्टॅम्प आणि नोटरी मिळून ४०० रुपये लागले. वरच्या मजल्यावर लगेच सही मिळाली. खाली तिसऱ्या मजल्यावर मात्र अडलं. तिथल्या बेन एकट्या राहतात, बाल्कनीत पापड-वड्या वाळवतात. त्यांनी दारातच विचारलं, "पाणी नीचे टपकशे तो?" मी नाही म्हणाले, तर म्हणाल्या, लिहून द्या. लिहून दिलं, तरी सही नाही. शेवटी मी चोवीस इंची ताट आणलं (२८० रुपये), पिंप विटांवर ताटात ठेवलं, त्यांना वर बोलावलं आणि त्यांच्यासमोर रिकाम्या पिंपातून दोन बादल्या पाणी ओतून दाखवलं. ताटात साचलेलं पाणी मी मगाने उपसून मोरीत टाकलं. मग त्यांनी सही केली, पण सहीच्या बाजूला अट लिहिली: पाणी पडलं तर परवानगी रद्द. २८ मे २०२३ ला दोन वर्षांच्या मुदतीचं पत्र हातात आलं.

गुटी कलम आणंदच्या बाजूच्या रोपवाटिकेतून मागवलं, जेमतेम दीड फुटाचं, फळ नाही, फूल नाही, १८० रुपये. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, २४ जूनला लावलं. मिश्रण असं होतं: दोन भाग गोराडू (वाळूमिश्रित, भुसभुशीत) माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, आणि वर पाव किलो निंबोळी पेंड. नुसती माती जड होते आणि घट्ट बसते. नुसतं कोकोपीट हलकं, पण दीड-दोन वर्षांत खचतं. लावताना गुटीची मुळं अगदी नाजूक असतात, पिशवी ब्लेडने कापा, झाड ओढून काढू नका. सासूबाईंनी बुंध्याशी हळदकुंकू वाहिलं.

ऑगस्टमध्ये पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले तर ठिपका हलला. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब तशीच दिसते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून केशरी शिंगं काढते, उग्र वासाची. दोन दिवसांत तिने माझी अकरा पानं खाल्ली. एवढ्या लहान झाडाला ते परवडत नाही. पण मारायला हात धजला नाही. खाली आवारात बेलाचं झाड आहे, त्यावरही ही अळी जगते, म्हणून रोज सकाळी चहाआधी शोधून तिकडे नेऊन सोडत होते. हाताने वेचणं पुरतं, फवारणीची गरज नाही. नागअळीचं मात्र वेगळं. कोवळ्या पानात चंदेरी नागमोडी रेघा दिसतात, पान मुरडतं. तिच्यासाठी नवी पालवी फुटताना आठवड्याने एकदा, लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी.

हिवाळ्यात नवी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. मी घाबरून आणखी खत घातलं. कमी पडत होतं ते लोह, आणि ते मातीत नव्हतं म्हणून नाही. नळाच्या जड पाण्याने माती हळूहळू अल्कधर्मी होते, मग मुळांना लोह उचलता येत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांची पानांवर फवारणी केली, १२० रुपयांची बाटली वर्ष झालं तरी संपली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात गच्चीवरून पावसाच्या पाण्याचे दोन कॅन भरून ठेवते.

२०२४ चा मे कडक गेला. पारा त्रेचाळीसच्या वर, आणि निळं पिंप दुपारी हाताला चटका देई. आत मुळं शिजत असणार. जुन्या गोणपाटाने पिंप गुंडाळलं, वर पालापाचोळ्याचा तीन बोटं थर दिला, अकरानंतर हिरवी जाळी ओढली. पाणी सकाळीच, सहा लिटर. जमिनीतलं झाड स्वतःच खोल मुळं सोडून ओल शोधतं. पिंपातल्या झाडाला जेवढं मी देईन तेवढंच. त्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला मुलाकडे चार दिवस जायचं टाळलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग पूर आला.

२६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमी. दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आजवा तलावाचं पाणी वाढलेलं, विश्वामित्री नदीने काळा घोडा चौकाजवळची धोक्याची पातळी ओलांडली. आमच्या रस्त्यावर आधी घोट्याएवढं आणि मग छातीएवढं पाणी. वीज गेली, लिफ्ट बंद, मोटार बंद. मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे पाण्यात उतरायची कोणाची छाती नव्हती. तळमजल्यावरची दोन कुटुंबं आमच्याकडे आली, नऊ माणसं. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन त्यांच्या घरातलं सगळं पीठ घेऊन वर आल्या आणि गॅस संपेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून थेपले लाटले. झाडाकडे तीन दिवस कोणी बघितलं नाही. कोणी बघायलाही नको होतं.

पाणी ओसरल्यावर बाल्कनीत गेले. पिंप काठोकाठ भरलेलं. कोकोपीट आणि पानांचा गाळ बसून तळाची भोकं बुजली होती, ताट उपसायला कोणी नव्हतं, आणि तीन दिवस मुळं पाण्याखाली. पानं सुकल्यासारखी खाली लोंबत होती. मुळं गुदमरली की झाड तहानेने वाळल्यासारखंच दिसतं, हे ध्यानात ठेवा. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर संपलंच. तळमजल्यावरचा एक मुलगा आणि आमचे हे, दोघांनी पिंप तिरकं धरलं, मी सळईने एकेक भोक मोकळं केलं. काळं, कुजक्या वासाचं पाणी आलं. ते बादल्यांत धरलं. एक थेंब खाली पडू दिला नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत जवळजवळ सगळी पानं गळली. मी वरची माती उकरून हवा खेळू दिली, ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) घातलं, वाळक्या टोकांची छाटणी केली, आणि पाणी दोन पेरं बोट खुपसून कोरडं लागेल तेव्हाच. खत एक दाणा नाही. सासूबाई रोज नखाने फांदी किंचित खरवडून बघायच्या. "आत हिरवं आहे अजून," एवढंच म्हणायच्या. नवरात्रात, तिसऱ्या माळेला, तांदळाएवढे कोंब फुटले. मी त्यांना हाक मारली तेव्हा माझा आवाज कापत होता.

डिसेंबरपर्यंत झाड पुन्हा भरलं. माळीकाका म्हणाले, आता ताण दे, आंबिया बहार धर, म्हणजे काही दिवस पाणी तोड आणि मग दे, की थंडीच्या शेवटी फुलं येतील. बागेत महिनाभर पाणी तोडतात, पिंपात तेवढं केलं तर झाड मरेल. त्यांनी खूण सांगितली: दुपारी पानं किंचित मिटली आणि सकाळीही पूर्ण उघडली नाहीत की थांबायचं. ५ जानेवारीला पाणी बंद केलं. नवव्या दिवशी सकाळी पानं मिटलेलीच होती. तो उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, पतंगांचा दिवस. सगळी सोसायटी गच्चीवर, "काप्यो छे"चा गजर, आणि मी खाली झाडाला तीन लिटर पाणी घालत होते. पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी पूर्ण, मग दोन किलो गांडूळखत आणि शेंगदाणा पेंडीचं दहापट पातळ केलेलं पाणी. एका फांदीत कुठला तरी मांजा अडकून शेंडा तुटला, तेवढं नुकसान.

८ फेब्रुवारी २०२५ ला पहिलं फूल उमललं. पहाटे बाल्कनीचं दार उघडलं की वास आत येई. साधारण सत्तर फुलं आली. लिंबाला दुसऱ्या झाडाची गरज नसते, एकाच फुलात सगळं असतं, तरी लहान मधमाश्या चौथ्या मजल्यापर्यंत आल्याच. सत्तरातली एकतीस वाटाण्याएवढी झाली. मग गळती सुरू झाली आणि मला पुन्हा जुनी भीती वाटू लागली. पण झाड पेलवेल तेवढीच फळं ठेवतं, बाकीची टाकतं. या काळात पाण्यात चढउतार होऊ द्यायचा नाही, इतकंच आपल्या हातात. एप्रिलअखेर अकरा उरली. मेच्या सुरुवातीच्या वादळी पावसात तीन पडली. आठ राहिली.

६ जुलैला, आषाढी एकादशीला, सर्वांत मोठ्या लिंबाची साल गुळगुळीत आणि फिकट झाली होती. कात्रीने देठ थोडा ठेवून कापलं. ओढून तोडलं तर सालीला जखम होते. सासूबाईंनी ते धुतलं, देवापुढे ठेवलं, मग साबुदाण्याच्या खिचडीवर स्वतः पिळलं. रस भरपूर होता. त्यांनी सालीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "परसातलं याहून थोडं आंबट होतं." मला फार आनंद झाला, कारण त्या तुलना करत होत्या.

खर्च म्हणाल तर पहिल्या रोपापासून आजपर्यंत पाच हजारांच्या आसपास. त्यात मिश्रण साडेसातशेचं आणि जाळी-खतं-औषधं मिळून नऊशेची.

सोसायटीच्या पत्राची दोन वर्षांची मुदत मे महिन्यात संपली होती. मंत्रीसाहेबांनी जुलैत आठवण करून दिली, तसा मी नवा अर्ज लिहिला आणि ना-वांध्याच्या सहीसाठी तिसऱ्या मजल्यावर गेले, सोबत दोन लिंबं घेऊन. बेननी लिंबं आधी आत नेऊन ठेवली, चष्मा शोधला, अर्ज पूर्ण वाचला. सही केली. अटीच्या जागी मी कोरी ओळ सोडली होती. तिथे त्यांनी गुजरातीत लिहिलं, "वांधो नथी."